धाकटी पुळण

"पाय उचलू नको गो! घसटत चल, घसटत!"

येसूमावशी काठावरून ओरडत होती आणि मी खाडीच्या मधोमध गुडघाभर चिखलात रुतून उभी होते. एक चप्पल केव्हाच आत गेली होती. हातातली लोखंडी चौकट मी डोक्यावर धरली होती. का, ते मलाही सांगता आलं नसतं. काठावर पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या.

शेवटी येसूमावशीच लुगडं खोचून पाण्यात उतरली. पाय न उचलता, जमिनीवरून सरकवत सरकवत माझ्यापर्यंत आली. माझ्या काखेत हात घालून तिनं मला उपटून काढलं, भाजी उपटावी तसं.

"माका वाटलां कोण मोठो मानूस येतलो मोजूक," ती म्हणाली. "ह्यां तर चेडू आसा. खंयचा गो तू?"

"कऱ्हाडची." चेडू म्हणजे पोरगी, एवढं मला कळलं होतं.

"थंय दर्यो आसा?"

"नाही. नदी आहे."

"मगे बरोबर," ती म्हणाली आणि माझा हात न सोडता मला काठावर घेऊन आली.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं होतील. मी मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन वेंगुर्ल्यातल्या एका छोट्या संशोधन संस्थेत नुकतीच लागले होते. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि रॉड्रिग्ज सर. सर साठीचे होते, स्कूटरवरून फिरायचे आणि स्कूटरच्या डिकीत बेकरीतला पाव नेहमी असायचा. कोणी भेटलं की आधी पाव, मग बोलणं.

हुरवलीच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे वाळूत राहणाऱ्या खायच्या शिंपल्या, कमी होत चालल्या होत्या. मासळीही कमी होत होती. यावर जिल्ह्यातून एक प्रस्ताव निघाला होता, की बायकांनी तिसऱ्या काढणं तीन वर्षं पूर्ण बंद करायचं. वाळू काढणाऱ्यांच्या संघटनेनं बाहेरच्या एका कंपनीला बोलावून अहवाल करून घेतला होता. त्यात लिहिलं होतं, की रोज शेकडो बायका खाडीचा तळ उकरतात, म्हणून तिसऱ्या संपल्या. बायकांची बाजू घेणारी एक संघटना होती. तिचं म्हणणं, वाळू उपसणारे पंपच सगळ्याला जबाबदार आहेत, बायका खाडीची एक शिंपलीही कमी करत नाहीत. दोघांनाही आपलंच म्हणणं शंभर टक्के खरं वाटत होतं. मोजलं मात्र कोणीच नव्हतं.

सरांनी प्रशासनाला कळवलं, आम्ही मोजतो, पण पावसाळ्यासकट पूर्ण वर्ष लागेल, आणि जे निघेल ते छापलं जाईल. कोणाला आवडो न आवडो. दोन्ही बाजूंनी मदतीची तयारी दाखवली, गाडी देतो, होडी देतो. सरांनी सगळ्यांना पाव खायला घातला आणि काहीही घेतलं नाही.

हुरवलीत राहायला लॉज नव्हतं. खाडीकाठच्या वाडीत एकच रिकामी खोली होती, ती येसूमावशीच्या घराची पडवी. अशी मी तिच्याकडे राहायला गेले.

यशोदा तारी हे तिचं पूर्ण नाव. नवरा होडीवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला. घरात ती एकटी, एक मांजर आणि मी. तिचा उजवा गुडघा सुजलेला असायचा. पायरी उतरताना ती आधी देवाला एक शिवी द्यायची, मग पाय टाकायची.

काम साधं होतं, पण कंटाळवाणं. खाडीचे आम्ही चार भाग पाडले होते. एका भागात फक्त बायका जायच्या. दुसऱ्यात फक्त वाळूचे पंप चालायचे. तिसऱ्यात दोन्ही, आणि चौथ्यात कोणीच नाही, कारण तिथं पाण्याला ओढ फार होती. ओहोटीला पाणी उतरलं की मी प्रत्येक भागात ती लोखंडी चौकट टाकायची. चौकटीच्या आतली वाळू उकरून तिसऱ्या मोजायच्या, त्यांची लांबी घ्यायची आणि परत तिथंच सोडायच्या. चौकट कुठं टाकायची हे मी ठरवायचं नाही, आधीच सोडतीनं ठरलेल्या जागेवर टाकायची. हा सरांचा कडक नियम होता.

"तुला जागा निवडायला दिली तर तू बऱ्या दिसणाऱ्या जागा निवडशील," ते म्हणाले होते. "मीसुद्धा तेच करीन. म्हणून चिठ्ठ्या."

येसूमावशीला यातलं काहीच पटत नव्हतं.

"मोजतंस आणि परत टाकतंस?" ती विचारायची. "मगे मोजतंस कित्या?"

"किती आहेत ते कळायला."

"माका इचार. मी सांगतंय. दर्यो देता. कितीय काढा, दर्यो परत भरता."

मी हसायची. ती माझ्या ताटात तिसऱ्यांचं सुकं वाढायची, ओलं खोबरं आणि त्रिफळं घालून केलेलं. कऱ्हाडला मी आयुष्यात शिंपली खाल्ली नव्हती. पहिल्यांदा डोळे मिटून खाल्लं. महिन्याभरानं मी शिंपल्याही चोखायला लागले. सरांना सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. "मोजलेल्या परत टाक, बाकीच्या येसूबाईच्या," म्हणाले.

संध्याकाळी मी तिच्या गुडघ्याला तेल चोळायची. ती गावातल्या एकेका माणसाची कुळकथा सांगायची. मला ताप आला तेव्हा तिनं चार दिवस खाडीचं तोंड बघितलं नाही. माझी आई भेटायला आली, तर दोघी भाषा न कळता तीन तास बोलल्या आणि निघताना आई रडली. एवढं झाल्यावर त्या घराला मी भाड्याची खोली म्हणत नव्हते, घरच म्हणत होते.

वर्ष संपत आलं आणि आकडे दिसायला लागले. जिथं पंप चालत होते तिथं गाळ बसला होता, गाळाखाली मेलेल्या शिंपल्यांचे थर. बायका तिथं जावोत न जावोत, तिसऱ्या संपल्याच होत्या. जिथं फक्त बायका काढत होत्या तिथं मात्र तिसऱ्या भरपूर होत्या, कोणी न जाणाऱ्या भागाइतक्याच. पंपांचा दोष स्पष्ट होता. मी आनंदानं नाचायचंच काय ते बाकी राहिलं होतं.

फक्त एक जागा सोडून.

वाडीच्या अगदी समोर, काठाला लागून वाळूचा एक उंचवटा होता. त्याला धाकटी पुळण म्हणायचे. तिथं पंप कधीच आले नव्हते. आणि तरीही तिथं तिसऱ्या वेगानं कमी होत होत्या. पावसानंतरच्या महिन्यांत तिथं नखाएवढी पिल्लं रुजायची. ती तिथं थोडी वाढायची आणि मग पाण्याच्या ओढीबरोबर सरकत सरकत खाडीच्या आतल्या मोठ्या पुळणीवर जायची. पण वाढायच्या आधीच ती टोपलीत जात होती. मोठ्या पुळणीवर जायला छातीभर पाण्यातून जावं लागे, ते तरुण बायकांनाच जमायचं. धाकटी पुळण घरासमोर होती. तिथं म्हाताऱ्या जायच्या, पायानं अधू असलेल्या जायच्या.

येसूमावशी जायची.

मी वेंगुर्ल्याला गेले आणि सरांसमोर तक्ता ठेवला.

"सर, हे एवढंसं आहे. खाडीच्या मानानं ही पुळण म्हणजे काहीच नाही. मुख्य निष्कर्ष पंपांचा आहे. हे तळटीपेत टाकलं तर?"

सरांनी चष्मा लावून तक्ता बघितला.

"मोजलंस ना?"

"हो."

"परत मोज."

मी परत गेले. नव्या चिठ्ठ्या काढल्या, नव्या जागांवर चौकट टाकली. तेच आलं. पुन्हा वेंगुर्ला गाठलं.

"तेच आहे सर."

"मग मला काय विचारतेस?" ते म्हणाले. रागानं नाही. माझ्यासमोर पाव ठेवत म्हणाले. मी खाल्ला नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "येसूबाईला तू आधी सांग. जनसुनावणीत चारचौघांसमोर तिला हे कळता कामा नये. पण एक लक्षात ठेव. सांग. विचारू नकोस."

त्याच दिवशी बायकांची बाजू घेणाऱ्या संघटनेचे निशिकांत धुरी संस्थेत आले होते. त्यांना आमच्या अहवालाचा अंदाज लागला होता. भला माणूस, बायकांसाठी खरंच झिजणारा. मला बाहेर व्हरांड्यात गाठून ते म्हणाले, "ते पुळणीचं प्रकरण काढून टाका, मॅडम. तुम्ही त्या लोकांच्या हातात कोलीत देताय. ते फक्त तेवढंच पान वाचतील."

मला त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही. एसटीत बसून हुरवलीला येईपर्यंत मी तेच घोकत होते, ते फक्त तेवढंच पान वाचतील.

येसूमावशी मागच्या दारी उकडलेल्या तिसऱ्यांचं मांस काढत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगून टाकलं. फिरवून बोलण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे माझी पुळण बंद करतलंस."

"मी नाही बंद करणार, मावशी. मी फक्त लिहिणार."

"तू लिवतलंस, ते बंद करतले. येकच तां."

"पावसानंतरचे तीनच महिने. तिथली पिल्लं राहिली तर मोठ्या पुळणीवर..."

"माका शिकव नको." आता हात थांबले. तिनं लुगडं वर करून गुडघा दाखवला. "ह्यो बगलंस? तूच तेल लावलंस मां ह्येका? ह्यो घेवन मी मोठ्या पुळणीर जातलंय?"

ती उठली, टोप उचलला आणि आत गेली.

त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. घराबाहेर काढलं नाही, जेवायला घालणंही थांबवलं नाही. फक्त माझ्या ताटात तिसऱ्या यायच्या बंद झाल्या. डाळ आणि भात, भात आणि डाळ. तेलाची बाटली तिनं फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली. मी रोज संध्याकाळी त्या बाटलीकडे बघायची आणि ती मांजराशी मोठमोठ्यानं बोलायची.

"खाल्लंस मां पोटभर? मगे चाव आता."

मांजर तिच्या पायात घोटाळायचं. मी पानावरून उठायची.

जनसुनावणी तालुक्याच्या गावी एका शाळेच्या सभागृहात होती. प्रांताधिकारी बाई अध्यक्ष होत्या, शांत, हातात पेन्सिल घेऊन बसलेल्या. एका बाजूला वाळूवाले, दुसऱ्या बाजूला वाडीतल्या बायका. नवी पातळं नेसून, पाट्या न घेता आलेल्या. त्यांना असं रिकाम्या हातानं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. येसूमावशी दुसऱ्या रांगेत पाय लांब करून बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. सर अगदी मागे, खिडकीपाशी.

मी पंपांच्या पट्ट्यातले आकडे मांडले. नकाशे दाखवले. मग वाळू संघटनेचे वकील उठले. कुबल नाव त्यांचं. आवाज गोड होता.

"मॅडम, हे मोजमाप करताना आपला मुक्काम कुठं होता?"

"हुरवलीत."

"कोणाकडे?"

"यशोदा तारी यांच्याकडे."

"त्या तिसऱ्या काढतात?"

"हो."

"जेवण?"

"त्यांच्याकडेच."

वाळूवाल्यांच्या बाजूनं हसणं उठलं. कुबल प्रांतबाईंकडे वळले. "म्हणजे ज्यांच्यावर बंदी घालायची का, हे ठरवायचंय, वर्षभर त्यांच्याच घरचं जेवून हा अहवाल लिहिलाय. आणखी काय बोलू?"

निशिकांत धुरींनी मान खाली घातली. मी मागे बघितलं, तर सर खिडकीतून बाहेरचं झाड बघत होते. तिकडून काही मदत नव्हती.

"अहवालातलं सहावं प्रकरण वाचू का?" मी प्रांतबाईंना विचारलं.

"वाचा."

मी वाचलं. धाकट्या पुळणीवर पंप नाहीत. तिथं तिसऱ्यांची घट फक्त बायकांच्या काढण्यामुळे झाली आहे. ती पुळण पावसानंतरचे तीन महिने बंद ठेवावी. सगळं शब्दाला शब्द वाचलं.

कुबल वकील कागद चाळायला लागले. हे प्रकरण त्यांनी वाचलेलंच नव्हतं.

प्रांतबाईंनी बायकांकडे बघितलं. "हे खरं आहे का?"

पुढच्या रांगेतल्या एकीनं पदर तोंडाला लावला. मग दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. येसूमावशी उभी राहत होती. आधी एक हात खुर्चीवर, मग दुसरा, मग गुडघा सावरत.

"खरां आसा," ती म्हणाली. "माझो गुडघो गेलो, म्हणान मी थंयसून काढतंय. बारकी बारकीय काढतंय. मी एकटीच नाय, माझ्यासारख्यो खूप."

प्रांतबाई म्हणाल्या, "तुम्हाला हे आधी माहीत होतं?"

"ह्या चेडवान माका घरात बसान सांगल्यान. मी तिच्याशी आठ दिस बोलूक नाय. माझो राग अजून गेलो नाय, सांगान ठेवतंय." मग ती कुबलांकडे वळली. "पन वकीलसायबानु, तुमी इचारलात तां मी सांगतंय. व्हय, तां माझ्याकडेच जेवला. माझ्या हातचा खावन माझ्याच इरोधात लिवल्यान. तां चेडू तुमच्या पंपाचा खोटां कित्या लिवतलां?"

कोणी हसलं नाही. प्रांतबाईंनी पेन्सिलीनं काहीतरी लिहून घेतलं, बराच वेळ.

कुबल हुशार होते, त्यांनी हार मानली नाही. त्यांनी मला तासभर उलटसुलट विचारलं. गेल्या वर्षीच्या पुरानं गाळ आला नसेल कशावरून? मी म्हणाले, थोडा आला असेल, पण तो चारही भागांत आला असता. समुद्राचं पाणी तापल्यामुळे झालं नसेल? मी म्हणाले, ते मला माहीत नाही, आम्ही ते मोजलेलं नाही. "माहीत नाही" असं मी तीन-चार वेळा म्हणाले आणि दर वेळी वाटलं, आता संपलं. पण प्रांतबाई दर वेळी मान हलवून पुढचा प्रश्न विचारायला सांगत होत्या.

वाळूवाल्यांचा अहवाल करणाऱ्या कंपनीचा माणूस नंतर उभा राहिला. प्रांतबाईंनी त्याला एकच विचारलं, तुमच्या अशिलाच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट तुम्हाला या खाडीत सापडली का? तो म्हणाला, तशी काहीच नव्हती. त्यांनी तेही लिहून घेतलं.

सुनावणी संपली तेव्हा बायका टेंपोत चढत होत्या. मी लांब उभी होते. येसूमावशीला वर चढवायला दोघीजणी लागल्या. बसल्यावर ती ओरडली, "तां चेडू खंय गेला? का हंयच ऱ्हवतला?"

मी धावत गेले. टेंपोत तिच्याशेजारी जागा होती. वाटेत खड्डा आला की ती माझ्या खांद्याचा आधार घेत होती. घरी पोहोचल्यावर तिनं फडताळातली तेलाची बाटली काढली आणि माझ्यासमोर आदळली.

"चोळ," म्हणाली.

निकाल यायला पुढं बरेच महिने गेले. बायकांवरची बंदी बारगळली. पुलापासून खाडीच्या तोंडापर्यंत पंपांना मनाई झाली. ते पंप मग वरच्या अंगाला गेले आणि तिकडे नवं भांडण सुरू झालं, ती वेगळी गोष्ट. धाकटी पुळण पावसानंतर तीन महिने बंद झाली. राखण सरकारनं नाही, वाडीनंच केली. त्या महिन्यांत तरुण बायका म्हाताऱ्यांना होडीत घालून मोठ्या पुळणीवर न्यायच्या. येसूमावशी होडीच्या काठावर बसून सगळ्यांनी काढलेल्या तिसऱ्या निवडायची आणि बारकी दिसली की काढणारीला शिव्या घालायची. शेजारच्या दोन खाड्यांवरच्या लोकांनीही नंतर तशाच नियमाची मागणी केली. सरांनी तिथला नियम हुरवलीवरून उचलू दिला नाही. तिथंही वर्षभर मोजायला लावलं.

सर आता नाहीत. संस्था अजून त्याच दोन खोल्यांत आहे आणि ती मी चालवते.

गेल्या वर्षी हुरवलीत पर्यटकांच्या बोटींसाठी मोठा धक्का बांधायचं ठरलं. गावात दोन तट पडले. अर्धे म्हणतात, रोजगार येईल. अर्धे म्हणतात, खाडी मरेल. एका दुपारी मला फोन आला. पलीकडून आधी खोकला ऐकू आला, मग ओळखीचा आवाज. येसूमावशी आता खूप म्हातारी झाली आहे, नातसुनेच्या फोनवरून बोलत होती.

"आयकलंस मां धक्क्याचा?" तिनं विचारलं.

"ऐकलं, मावशी. पत्र आलंय. आम्ही मोजायला येणार आहोत."

"कोण येतला?"

"मीच येते की."

ती पुन्हा खोकली.

"तू नको येव," ती म्हणाली.

"का?"

"तू आमची झालंस आता. तुका मोजूक जमाचा नाय. दुसऱ्या कोणाक तरी धाड, ज्येका आमची वळख नाय. आनी ह्या घरात ऱ्हवाक धाडू नको. शाळेत ऱ्हवान दे."

टेबलावर चिठ्ठ्यांचा डबा होता, तो मी उगाच इकडचा तिकडे केला.

"बरं," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणाला तरी पाठवते."

"आनी आयक," ती म्हणाली. "तू ये. पन जेवक ये."